तुमच्याशिवाय दोन तास

मुलाच्या अपंगत्वाच्या निदानाचा कागद हातात पडला की आठवड्याभरात चार जण तरी सांगतात, "नोकरी सोड, पोराकडं बघ." मलाही सांगितलं. डॉक्टरांनी नव्हे; जावेनं, शेजारणीनं आणि स्वतःच्या पोराला जन्मात घास न भरवलेल्या दोन मामांनी. मी सोडली नाही, कारण फिजिओथेरपीची फी माझ्याच पगारातून जात होती. मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी. आधारानं चालतो, बोलतो ते घरच्यांना कळतं. मी बेळगावात एका पतसंस्थेत कारकुनी करते.

काम सोडायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचं गणित. ज्यांनी करायचं ठरवलंय, किंवा ज्यांना करण्यावाचून इलाज नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उद्यमबागेत पाळीवर जाणारी असो, वडगावात मागावर बसणारी, शाळेत शिकवणारी किंवा निपाणीत घरीच विड्या वळणारी. घरी वळणारीला तर "घरातच आहेस की" म्हणून आणखी चार कामं चिकटतात, आणि विड्या मात्र हजारावर मोजून घेतल्या जातात.

१. आधी तास मांडा

वहीचं एक पान घ्या आणि सोमवार ते रविवार तासांची घरं आखा. नोकरी, प्रवास, स्वयंपाक, मुलाला भरवणं, व्यायाम, दवाखाना, कचेरी, झोप, सगळं खरं खरं लिहा. मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझ्या एकटीच्या नावावर आठवड्यात एक तासही निघाला नाही. नवऱ्याला पान दाखवलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळची अंघोळ त्याच्याकडं गेली. बोलून जे चार वर्षांत झालं नव्हतं ते पानानं केलं.

यापुढं कुठलीही गोष्ट घेताना, योजना असो, नवीन थेरपी असो की कुणी सुचवलेला वैद्य, ती रुपयांबरोबर तासांतही मोजा. महिन्याला आठ तास खाऊन दोन तासांचं काम देणारी गोष्ट चांगली असली तरी आत्ता तुमची नाही.

२. दुसरं माणूस तयार करा

बाकी सगळं मागंपुढं झालं तरी चालेल, हे मात्र पहिल्या तीन महिन्यांत करा. तुमच्याशिवाय मुलाला दोन तास नीट सांभाळू शकेल असं एक माणूस घरात, गल्लीत किंवा नात्यात तयार हवं. हे आपोआप होत नाही, शिकवावं लागतं.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "मला तो दाद देत नाही गं." मला वाटायचं अंग चोरतात. खरं कारण कळायला वर्ष गेलं. त्यांना भीती वाटत होती. घास अडकेल, फीट येईल, आणि बोल आपल्याला लागेल. हे कळल्यावर मी चिडायचं सोडून शिकवायला लागले.

पहिला आठवडा त्यांनी फक्त जवळ बसायचं. मी भरवते, त्या बघतात. तेव्हा तोंडानं सांगत राहायचं: पाठ टेकवून सरळ बसवलाय, मान मागं जाऊ द्यायची नाही, किंचित पुढं, लहान चमचा, पहिला घास गिळला की मगच दुसरा. दुसऱ्या आठवड्यात त्या भरवतात, मी शेजारी, आणि माझे हात मांडीखाली. हे सगळ्यात अवघड. त्या सांडतात, पोर तोंड फिरवतं, आपला हात आपोआप पुढं जातो. जाऊ द्यायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात मी मागच्या पडवीत. चौथ्यात खडेबाजारात, अर्धा तास, खरेदी असो नसो. मग एक तास. मग दोन. आम्हाला चार आठवड्यांच्या जागी नऊ लागले, कारण मध्ये गौरी-गणपती आले.

त्या माणसाच्या हाताशी एक वही ठेवा, मोठ्या अक्षरात, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत. आमच्या वहीत इतकंच आहे:

औषध कुठलं, किती वाजता, किती. डबीवर रंगाची चिकटपट्टी.
मुलाच्या खुणा. पाणी, शी, दुखतंय, नको. तोंडानं न बोलणारं मूलही बोलतंच. शब्दकोश मात्र तुमच्या एकटीच्या डोक्यात असतो, तो कागदावर उतरवा.
फीट आली तर: घड्याळ बघायचं. जमिनीवर कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार बाजूला. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागोमाग दुसरी आली, तर १०८.
माझा नंबर, ऑफिसचा नंबर, शेजारच्या रिक्षावाल्या दादांचा नंबर.

बाहेरची बाई किंवा मुलगी पगारानं ठेवत असाल तर आणखी एक. न बोलणाऱ्या मुलाशी, मग तो मुलगा असो की मुलगी, कुणी वाईट वागलं तर ते सांगू शकत नाही. म्हणून अंघोळ आणि कपडे बदलणं कुणी करायचं ते ठरलेलं असावं, आणि अधूनमधून न सांगता घरी या. शंका आली तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. यात कुणावर अविश्वास दाखवल्याचा संकोच वाटू देऊ नका.

३. कागद, याच क्रमानं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच होती, त्यामुळं स्वमग्नता, शिकण्यातली अडचण, थॅलेसेमिया यांना आता जागा आहे. कुणी म्हातारा कारकून "हे यात बसत नाही" म्हणाला तर हे लक्षात ठेवा. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

सुरुवात नावापासून करा, आणि हा आपल्या सीमाभागातला खास घोळ आहे. शाळेच्या दाखल्यात मराठी, रेशन कार्डावर कन्नड, आधारवर इंग्रजी. चौगुले कुठं चौगले होतो, कुठं चौगला. माझ्या मुलाच्या नावात तीन कागदांत तीन तऱ्हा होत्या आणि त्यापायी दोन अर्ज परत आले. आधी आधार, जन्मदाखला आणि रेशन कार्ड यांतलं नाव एकसारखं करून घ्या. दोन-तीन फेऱ्या जातील, पण पुढच्या वीस वाचतील.

मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचं प्रमाणपत्र याच ऑनलाइन पोर्टलवरून देणं बंधनकारक आहे. अर्ज मोबाइलवर भरता येतो, नाहीतर 'ग्राम वन' या सरकारी सेवा केंद्रात. तपासणी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात होते. बेळगाव जिल्ह्यासाठी मोठं ठिकाण म्हणजे आपलं सिव्हिल हॉस्पिटल, बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातलं. निघण्याआधी त्या तज्ज्ञाचा वार विचारून घ्या. हाडांचे डॉक्टर असतील त्या दिवशी कानाचं मूल घेऊन गेलात तर एक रजा फुकट. कार्ड पांढरं आलं तर ४० टक्क्यांच्या खाली, पिवळं म्हणजे ४० ते ७९, निळं म्हणजे ८० किंवा त्याच्या वर. लहान मुलांना बऱ्याचदा ठराविक मुदतीचं प्रमाणपत्र देतात. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपली की पेन्शन गुपचूप थांबते.

इथं एक माणूस तुमच्या कामाचं आहे, ज्याच्याबद्दल फार थोड्या आयांना ठाऊक असतं. कर्नाटकात ग्रामपंचायतीत एक ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, सगळे त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू, शहरात यूआरडब्ल्यू. बहुतेक जण स्वतः दिव्यांग असतात आणि कुठल्या टेबलावर काय अडतं ते त्यांना पाठ असतं. पंचायतीत जाऊन नाव विचारा, मोबाइल नंबर घ्या, दिवाळीला फराळ पाठवा. हे मी गमतीनं म्हणत नाही.

त्यांच्याकडूनच मासिक पेन्शनचा अर्ज करा. तो नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत जातो, रक्कम टक्क्यांवर ठरते. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजण्याचा आजार) अशा अवस्थांत सांभाळणाऱ्यासाठी राज्यानं वेगळा भत्ता जाहीर केला आहे, त्याचंही विचारा. फलकावर कन्नडमध्ये 'विकलचेतन' दिसलं की ते आपलं खातं. 'आदाय' म्हणजे उत्पन्न, 'मासाशन' म्हणजे पेन्शन, 'गुरुतिन चीटी' म्हणजे ओळखपत्र. भाषेचा अभिमान मलाही आहे, माझ्या घरी मराठीच चालते. पण खिडकीवर "स्वल्प हेळ्री" (जरा सांगा) एवढं म्हटल्यानं समोरचा माणूस मऊ होत असेल तर मी ते म्हणते. सीमाप्रश्न सत्तर वर्षं चाललाय, पोराचा अर्ज तेवढा थांबू शकत नाही. फक्त कुणी भरून दिलेला अर्ज सही करण्याआधी वाचून दाखवायला लावा आणि मोबाइलवर फोटो काढा.

माहेर चंदगड, गडहिंग्लज, कागलकडं असलेल्यांसाठी: यूडीआयडी देशभर चालतं, पेन्शन मात्र राहत्या राज्याचं. बहिणीच्या मुलाला तिकडं संजय गांधी निराधार मिळतं म्हणून आपल्यालाही मिळेल असं नाही. सीमाभागातल्या गावांना महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेत घेतल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्या बातम्यांच्या भरवशावर ऑपरेशनचा बेत आखू नका. त्या दवाखान्याच्या काउंटरवर आपल्या रेशन कार्डावर चालतं का हे आधी विचारा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि ओपीडी व थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत येतो. पावत्या मात्र जपाव्या लागतात.

प्रवास. 'शक्ती' योजनेत ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे नाहीत. मुलगी असेल तर तिलाही नाही. मुलगा असेल तर त्याचा दिव्यांग सवलतीचा पास काढा. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य गाडीत शक्ती चालत नाही. रेल्वेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या किंवा सोबतीशिवाय जाऊ न शकणाऱ्या मुलाला आणि सोबत्याला, दोघांनाही स्लीपरला ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

आयकर भरणाऱ्यांनी, जुनी कररचना असेल तर, दिव्यांग मुलासाठीची वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८० डीडी) सोडू नये: ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० टक्क्यांपासून सव्वा लाख.

४. थेरपी आणि भाषा

मूल लहान असेल तर अंगणवाडी-शाळेत मुलं तपासायला येणाऱ्या सरकारी आरबीएसके पथकाची चिठ्ठी घेऊन जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी या लवकर उपचार केंद्रात जा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे.

खाजगी थेरपीत एकच मागणी धरा: "मला घरी करायचं शिकवा." आठवड्यातून तीनदा अर्धा तास नेऊन आणण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा नेऊन रोज घरच्या कामात व्यायाम मुरवणं आम्हाला मानवलं. भाजी निवडताना माझ्या दोन पायांमध्ये तो बसतो, ते त्याचं बसण्याचं शिक्षण. शेंगा सोलणं हे बोटांचं. कुणाला किती दिवसांनी न्यायचं हे मात्र थेरपिस्टशी बोलूनच ठरवा. ऑपरेशननंतर किंवा अगदी लहान वयात जास्त वेळा लागतं.

"घरी मराठी, शाळेत कन्नड-इंग्रजी, म्हणून बोलत नाही; एकच भाषा ठेवा" असा सल्ला इथं हमखास मिळतो. दोन भाषांमुळं बोलणं मागं पडतं किंवा स्वमग्नता वाढते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीची भाषा काढून घेतली तर मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात. थेरपिस्ट कन्नड असेल तर आपल्या घरातल्या वीस शब्दांची यादी करून द्या: पाणी, भाकरी, ये, नको, आज्जी. माझ्या मुलाचा पहिला नीट शब्द "नको" होता, आणि अजून तोच जास्त चालतो.

लोक सौंदत्तीला यल्लम्माकडं जायला सांगतात, ग्रहणात भाजी चिरलीस काय असं विचारतात. सौंदत्तीला मी जाते. ग्रहणाचं ऐकून घेत नाही.

५. शाळा

४० टक्क्यांवरच्या मुलाला सहा ते अठरा वयात जवळच्या शाळेत किंवा हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमानं दिलाय. "आमच्याकडं सोय नाही" हे उत्तर तोंडी मिळतं. तुम्ही ते लेखी मागा. मला एका शाळेनं लेखी मागितल्यावर तासाभरात प्रवेश दिला. अडलंच तर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जा. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, आपला कुठला ते बघून घ्या. तिथं समावेशक शिक्षणाचे शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलासाठी घरी शिकवण्याची तरतूदही त्यांच्याकडंच. दहावीला लेखनिक, जादा वेळ आणि भाषेतल्या सवलती यांचं आठवीतच लेखी विचारून ठेवा. फेब्रुवारीत धावपळ केली तर मुलापेक्षा तुमचीच परीक्षा होते.

६. कामाच्या ठिकाणी

साहेबाला सगळी कहाणी सांगू नका, नेमकी मागणी सांगा. "माझा मुलगा असा आहे, जरा समजून घ्या" याला तो मान डोलावतो आणि विसरतो. "दर दुसऱ्या मंगळवारी मी साडेअकराला येईन आणि त्या दिवशी साडेसहापर्यंत थांबेन" याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. सहकाऱ्यांना न मागता एखादा शनिवार देऊन ठेवा, तो बँकेतल्या ठेवीसारखा उपयोगी पडतो.

केंद्र सरकारी नोकरीत बायकांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि दिव्यांग मुलासाठी मुलाच्या वयाची अट नाही. अशा मुलाला सांभाळणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतूनही सूट मागता येते. राज्य सरकारच्या शिक्षिका, नर्स यांनी आस्थापना शाखेला लेखी विचारावं आणि सोबत एक आधार द्यावा: हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोकरीत बायकांचा सहभाग ही मेहेरबानी नसून संविधानाची गरज आहे, आणि दिव्यांग मुलाच्या आईच्या रजेचा विचार सरकारला करावाच लागेल.

खाजगीत असा हक्क नाही, हे कडू असलं तरी माहीत असू दे. मात्र ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय हवी. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असलेलं दिव्यांग मूल मोठं झालं तरी तुमच्या कुटुंबात धरलं जातं. कार्डावर त्याचं नाव आहे ना, बघा.

७. तुमची पाठ, तुमची झोप

मूल वाढतं, उचलायची सवय मात्र तीन वर्षांच्या मुलाची राहते. माझी कंबर तो नऊ वर्षांचा असताना गेली. गुडघे वाकवा, कंबर नाही. मूल छातीला चिकटवून मग उठा. उचलताना पिळवटू नका, पावलं वळवा. आणि उचलण्याआधी त्याला सांगा, तोही अंग सावरून घेतो. ठराविक वजनानंतर दोघांनीच उचलायचं, हा घरचा नियम करा. त्याच्या फिजिओला एकदा तुमची पाठ दाखवा. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी, साखर, मुलाच्या तपासणीच्याच दिवशी, त्याच आवारात.

झोपेचं लिहायला जड जातं, पण लिहिते. एका पावसाळ्यात, आपल्याकडचा तो न थांबणारा पाऊस, कपडे वाळत नव्हते, सासूबाई गावी होत्या, मी पंधरा दिवस सलग तीन तासांवर झोपले नव्हते, आणि मी त्याच्यावर हात उचलला. त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडं गेले. आठ महिने गोळ्या घेतल्या. रोज रडू येणं, पोराच्या आवाजाचा राग येणं, सकाळी उठूच नये असं वाटणं, हे दोन आठवड्यांवर गेलं तर तो स्वभाव नव्हे, दुखणं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी 'मनोचैतन्य'मध्ये मानसोपचाराचे डॉक्टर येतात, त्यांची वेळ विचारा. आपण राहणार नाही किंवा मुलाला घेऊन काही करू असा विचार आला तर मंगळवारची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा आणि घरातल्या एकाला उठवून सांगा.

आणि ते दोन तास. सुरुवातीला मी ते भांडी आणि इस्त्रीत घालवले. मग नियम केला, त्या वेळेत घरात थांबायचं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मी शहापूरला मैत्रिणीकडं जाते. तिचीही मुलगी अशीच आहे, पण आम्ही मुलांबद्दल फारसं बोलत नाही. साड्यांबद्दल बोलतो, तिच्या नणंदेबद्दल बोलतो. फोन चालू असतो. घरी ठरलंय की खरंच गरज असेल तर लागोपाठ दोनदा लावायचा. एकदाच वाजून थांबला तर मी उचलत नाही, कारण सासूबाईंना कुकरच्या शिट्ट्या किती एवढंच विचारायचं असतं.